पोटात गोळा येतो तेव्हा : ताण, आतड्यातले जिवाणू आणि चार आठवड्यांची दुरुस्ती

कापसाची गाडी जिनिंगच्या दारात उभी आहे आणि भाव अजून फुटलेला नाही. एमपीएससीच्या पेपरची सकाळ आहे. मे महिन्यात रावेरकडे आभाळ भरून आलंय आणि केळीचा घड कापणीला आठ दिवस बाकी आहेत. अशा वेळी तोंडाआधी पोट बोलतं. 'पोटमा कसंतरी व्हस' असं अहिराणीत म्हणतात. कुणाला तासात तीनदा संडासला पळावं लागतं, कुणाला तीन-तीन दिवस साफ होत नाही, तर कुणाला दोन घास खाल्ले की पोट नगाऱ्यासारखं फुगतं. सोनोग्राफी नॉर्मल येते, रक्तही नॉर्मल येतं आणि शेवटी ऐकायला मिळतं, 'टेन्शन घेऊ नका.'

सल्ला खोटा नाही, पण वापरता येत नाही. टेन्शन न घेतल्याने भाव वाढत नाही की वादळ थांबत नाही. मात्र ताण डोक्यातून पोटात ज्या वाटांनी उतरतो त्या बऱ्यापैकी ठाऊक आहेत, आणि त्यातल्या काही घड्याळाने, श्वासाने आणि ताटातल्या पदार्थांनी अडवता येतात. क्रम मात्र पाळावा लागतो. आधी जेवणाची वेळ, मग श्वास, मग तंतू (अन्नातलं फायबर) आणि सगळ्यात शेवटी दही-ताक. बहुतेक लोक उलटं करतात. आधी मेडिकलमधून प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या, महागड्या पुड्या आणतात, आणि रात्री अकराचं जेवण तसंच चालू ठेवतात.

ताण पोटात उतरतो कसा

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतच्या भिंतीत दहा कोटींहून जास्त चेतापेशींचं जाळं आहे. ते बरंचसं स्वतःच्या मर्जीने चालतं. मेंदूशी त्याचा मुख्य दुवा म्हणजे व्हेगस नस. तिच्यातले बहुतेक धागे पोटाची खबर वर मेंदूकडे नेतात, थोडेच धागे मेंदूचा हुकूम खाली आणतात. म्हणून चिंतेने पोट बिघडतं आणि बिघडलेल्या पोटाने चिंताही वाढते. यात आधी काय झालं हे शोधत बसण्यात फारसा अर्थ नसतो.

ताण आला की मेंदूतून जो संदेशी रस सुटतो तो जठराची हालचाल मंदावतो आणि मोठ्या आतड्याची वाढवतो. वर जेवण अडकल्यासारखं वाटतं आणि त्याच वेळी खाली घाई होते, त्याचं कारण हेच. दोन वेगळे आजार समजून गॅसची एक आणि जुलाबाची एक अशा दोन गोळ्या घेणारे पुष्कळ असतात.

भावनेचा पोटावर होणारा परिणाम प्रथम डोळ्यांनी पाहिला तो अमेरिकेतल्या विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने. १८२२ मध्ये अलेक्सिस सेंट मार्टिन या मजुराला बंदुकीची गोळी लागली आणि त्याच्या पोटावरचं भोक कधी पूर्ण बुजलंच नाही. त्या भोकातून बोमाँटने वर्षानुवर्षं जठराचं काम पाहिलं. तो माणूस चिडला की पचन बिघडतं अशी नोंद त्याने करून ठेवली आहे.

आता जिवाणू. मोठ्या आतड्यात ते अब्जावधींनी राहतात. आपल्याला न पचलेला तंतू आंबवून ते ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं तयार करतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः या ब्युटिरेटवर जगतात. ताणात या वस्तीला तीन बाजूंनी धक्का बसतो. अन्न फार वेगाने किंवा फार सावकाश सरकलं की राहणीच बदलते, जसं पाटाचं पाणी जोरात सोडलं की गाळ वाहून जातो आणि अडवलं की शेवाळ धरतं. अस्तरावरचा बुळबुळीत थर पातळ होऊ शकतो. आणि अॅड्रेनॅलिनच्या जातीच्या रसायनांवर काही उपद्रवी जिवाणू जास्त जोमाने वाढतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. उलट दिशेचा पुरावाही आहे. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की जिवाणूंशिवाय वाढवलेल्या उंदरांना कोंडून ठेवलं की त्यांच्यात ताणाची रसायनं नेहमीच्या उंदरांपेक्षा जास्त उसळतात.

उंदरांत हे चित्र स्पष्ट आहे. माणसात ते तितकं सुटसुटीत नाही, कारण ताणात माणूस जेवणच बदलतो. दुपारचा डबा परत येतो, चहाचे सहा कप होतात, तोंडात गुटख्याची पुडी राहते, रात्री उशिरा तर्रीचं जेवण होतं आणि डोकं दुखतं म्हणून गोळी घेतली जाते. जिवाणूंचं अर्धंअधिक नुकसान या वाटेने होतं असं धरून चालावं, कारण हीच वाट आपल्या हातात आहे. आणि विष्ठेतले जिवाणू मोजून 'तुमचं आतडं ४० टक्के बिघडलंय' असा रंगीत अहवाल देणाऱ्या तपासण्यांवर पैसे घालू नयेत. निरोगी वस्ती नेमकी कशी असते याचं ठरलेलं माप आज कुणाकडेही नाही.

घरी काही करण्याआधी हे वगळा

पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायचा, तो या लक्षणांना: शौचातून रक्त किंवा डांबरासारखं काळं शौच, प्रयत्न न करता सहा महिन्यांत वजनात पाच टक्क्यांहून जास्त घट, म्हणजे साठ किलोच्या माणसात तीन किलो, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा दुखणं, ताप, गिळताना अडकणं, रक्त कमी असणं, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं, आणि पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार. ताणाचं पोट बहुधा झोपेत गप्प असतं. रात्री दोनला जुलाबाने उठवलं तर ते टेन्शनच्या खात्यावर टाकू नका.

छातीच्या मधोमध जळजळ किंवा दाब, सोबत घाम, जबडा किंवा डावा हात दुखणं असेल तर इनो पिऊन वाट बघायची नाही, थेट दवाखाना. 'अॅसिडिटी' म्हणून घरी काढलेल्या रात्रींत हृदयविकाराचे झटके निघाले आहेत.

तपासणीत साधारणपणे हिमोग्लोबिनसह रक्त, थायरॉइड, साखर आणि शौचाची साधी तपासणी होते. गरज वाटली तर डॉक्टर सिलिअॅक आजाराची, म्हणजे गव्हामुळे आतड्याचं अस्तर बिघडण्याच्या आजाराची, रक्ततपासणी सांगतात. ती करायची असेल तर आधीपासून पोळी बंद करू नका. गहू पोटात नसेल तर आजार असूनही तपासणी निगेटिव्ह येऊ शकते.

पहिला आठवडा : फक्त वही

या सात दिवसांत काहीही बदलायचं नाही. शाळेची दोनशे पानी वही घ्या, आडव्या पानावर सहा रकाने पाडा: वेळ, काय खाल्लं-प्यायलं, शौचाचा प्रकार, दुखणं-फुगणं ० ते १०, ताण ० ते १०, आणि आदल्या रात्रीची झोप. चहा, पुडी, सुपारी, गोळ्या, सगळं लिहायचं. लोक जेवण लिहितात आणि चहा विसरतात. खरी गोम बऱ्याचदा तिथेच असते.

शौचाच्या प्रकारासाठी ब्रिस्टल तक्ता वापरतात. त्यात सात आकडे आहेत. १ म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे कडक गोळे, २ म्हणजे गाठीगाठीचं, ३ म्हणजे भेगा पडलेलं, ४ म्हणजे मऊ, गुळगुळीत, सलग, ५ म्हणजे मऊ सुटे तुकडे, ६ म्हणजे पिठल्यासारखं आणि ७ म्हणजे नुसतं पाणी. ३ आणि ४ उत्तम. रोज व्हायलाच हवं असा नियम नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढ्यात सगळं नॉर्मलमध्येच मोडतं. रोज सकाळी सहाला झालंच पाहिजे या हट्टापायी जोर करत बसणं आणि रात्री चूर्ण घेणं यातून स्वतंत्र आजार तयार होतो.

आठव्या दिवशी वही वाचा. समजा नऊ वेळा दुखलं, तर त्यातल्या सहा वेळा ते ताणाच्या ७-८ आकड्यापाठोपाठ आलंय का? की ताण ३ असतानाही दर वेळी दूध-जिलेबीनंतर आलंय? दुसरं निघालं तर प्रश्न ताणाचा कमी आणि दुधातल्या साखरेचा, लॅक्टोजचा, जास्त असू शकतो. दोन आठवडे दूध बंद करून बघा. दही-ताक मात्र अशांनाही बहुधा सोसतं, कारण विरजणातल्या जिवाणूंनी लॅक्टोजचा काही भाग आधीच खाल्लेला असतो.

दुसरा आठवडा : घड्याळ आणि श्वास

आतड्याचं आणि त्यातल्या जिवाणूंचं स्वतःचं घड्याळ असतं. जिवाणूंची लगबग आपल्या खाण्या-न खाण्याच्या तालावर दिवसभर वर-खाली होते. त्यामुळे काय खाल्लं याआधी कधी खाल्लं हे दुरुस्त करावं. दोन वेळा अशा ठरवा की रोज अर्ध्या तासाहून जास्त हलणार नाहीत: पहिलं खाणं उठल्यापासून दीड तासाच्या आत, आणि रात्रीचं जेवण झोपण्याआधी अडीच-तीन तास. मधलं जेवण इकडे-तिकडे झालं तरी चालेल.

पहिल्या खाण्यानंतर पंधरा ते तीस मिनिटांत मोठं आतडं आपोआप आकुंचन पावतं. त्या वेळी दहा मिनिटं मोकळी ठेवून बसा, मोबाइल बाहेर. कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंच पाट ठेवा, म्हणजे उकिडवं बसल्यासारखा कोन येतो. दहा मिनिटांत झालं नाही तर उठायचं.

शेतीपंपाला रात्रपाळीची वीज असते तेव्हा ही घडी विस्कटते, आणि खान्देशात पुष्कळ घरांची हीच अडचण आहे. भुसावळला रेल्वेच्या किंवा दीपनगरच्या वीजकेंद्राच्या पाळ्या करणाऱ्यांचंही तसंच. पाण्यावर जायच्या रात्री जेवण आठच्या आत, नेहमीच्या तीन-चतुर्थांश. बारा ते चारच्या मध्ये भरपेट खायचं नाही. भूक लागली तर एक केळं किंवा पेलाभर ताक. शेतात उभ्याने घेतलेला गोड चहा दोन कपांवर नको. पहाटे परतल्यावर आधी झोप, आणि उठल्यावर पहिलं खाणं. दुपारी बाराला उठलात तर बाराला, पण त्या आठवड्यात रोज तेव्हाच. बिघाड सहसा इथे होतो: पहाटे पाचला घरी आल्यावर शिळी तर्री आणि तीन पोळ्या खाऊन लगेच आडवं होणं. छातीत आंबट येतं ते त्यामुळे.

आता श्वास. हा भाग वाचून सोडून देण्याचा मोह होतो, पण या लेखातला सगळ्यात स्वस्त उपाय हाच आहे. ताट समोर घेतलं की पाट किंवा खुर्चीवर ताठ बसा, पँटचा पट्टा किंवा साडीची गाठ सैल करा. उजवा हात बेंबीवर, डावा छातीवर. नाकाने मनात चार मोजत श्वास घ्या. उजवा हात पुढे आला पाहिजे, डावा जागच्या जागी. मग सहा मोजत सोडा, भाकरीच्या पिठावरची फुंकर मारावी इतक्या हळू. मिनिटाला सहा श्वास बसतात. पाच मिनिटं म्हणजे तीस श्वास. जेवणाआधी तीस आणि झोपताना तीस. लांब सोडलेल्या श्वासात व्हेगस नसेचा अंमल वाढतो, हृदयाची गती उतरते आणि पोटाला 'आता जेवायचंय' असा इशारा मिळतो.

चुकतं ते असं. डावा हात वर-खाली होतो, म्हणजे श्वास छातीतच अडकलाय. अशा वेळी उताणं झोपून पोटावर उशी ठेवा आणि ती हलवायचा सराव दोन दिवस करा. काहींना गरगरतं. ते फार खोल आणि भरभर घेतल्याने, तेव्हा थांबायचं आणि उथळ पण सावकाश घ्यायचं. आणि पोट दुखायला लागल्यावरच करायचं ठरवलं तर जमत नाही. आग लागल्यावर विहीर खोदायची नसते, सराव आधीचा हवा.

तिसरा आठवडा : जिवाणूंचं जेवण

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सांगते. आपल्या ताटात तो येतो कुठून ते मोजून बघू. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम तंतू, बाजरीत साडेअकरा. एका मध्यम भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे भाकरीमागे ६ ग्रॅम. दादर ज्वारीच्या दोन भाकरी १२ ग्रॅम. तूरडाळीचं वरण, ३० ग्रॅम डाळीचं, पावणेतीन ग्रॅम. वाटीभर वांग्याचं भरीत पाच-सहा ग्रॅम. एक मध्यम पेरू आठच्या आसपास. २५ चा आकडा इथेच ओलांडला.

इथे एक गैरसमज काढून टाकू. भाकरीत पोळीपेक्षा कितीतरी जास्त तंतू असतो असं सर्रास सांगतात. चाळण न लावलेल्या गव्हाच्या पिठातही शंभरामागे ११ ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे भाकरीइतकाच. फरक दुसरीकडे आहे. गव्हात फ्रुक्टान नावाची साखरेची साखळी असते, ती मोठ्या आतड्यात भराभर आंबते आणि संवेदनशील पोटाला फुगवते. ज्वारीत ती फारशी नाही. म्हणून पोळीने फुगणारं पोट दादरच्या भाकरीवर शांत होतं. कळण्याच्या भाकरीचं मात्र जपून. त्यात ज्वारीसोबत सालासकट उडीद दळलेले असतात, तंतू भरपूर आणि वायूही भरपूर. पोट बिघडलेलं असताना पहिले तीन आठवडे साधी भाकरी, कळणा नंतर.

तंतू एकदम वाढवणं ही सगळ्यात मोठी चूक. दहा ग्रॅमवरून तिसावर एका दिवसात उडी मारली की आहेत तेवढेच जिवाणू तिप्पट माल आंबवतात, वायू धरतो, आणि माणूस 'भाकरी मला सोसत नाही' म्हणून परत मैद्याकडे वळतो. आठवड्याला ४-५ ग्रॅमच वाढवा: आधी एक पोळी काढून एक भाकरी, पुढच्या आठवड्यात अर्धा पेरू, मग मेथी किंवा दुसरी भाकरी. सोबत पाणी. पाऱ्याने ४४-४५ गाठलेला असतो तेव्हा उन्हात राबणाऱ्याला तीन लिटर कमीच पडतं. लघवीचा रंग फिकट पिवळा राहील एवढं प्या. तंतू वाढवला आणि पाणी नाही, तर शौच ४ वरून २ वर जातं.

ताटातून जमत नसेल तर इसबगोल. बिनसाखरेची साधी भुशी घ्या. सपाट एक चहाचा चमचा, पूर्ण पेलाभर पाण्यात, ढवळून लगेच. गोळा होऊ द्यायचा नाही. चार दिवस सोसलं तर दोन चमचे. दोन चमच्यांवर आठवडाभर थांबा. अर्ध्या घोटात कोरडी भुशी गिळली तर ती घशात किंवा आतड्यात फुगून अडकते. इतर औषधांपासून दोन तास अंतर. बद्धकोष्ठ आणि पातळ शौच, दोन्हीत ती चालते, कारण पाणी धरून ठेवणं हेच तिचं काम. गव्हाचा कोंडा हे करत नाही. तो चिडक्या आतड्याला उलट जास्त चिडवतो.

जिवाणूंचं आणखी एक खाद्य आपल्याकडे अंगणात पडलेलं असतं: न पचणारा स्टार्च. तो कच्च्या केळ्यात भरपूर असतो, पिकताना त्याची साखर होते. आठवड्यातून दोनदा कच्च्या केळ्याची उकडून केलेली सुकी भाजी, एका वेळी एक केळं, पुरे. तळलेले वेफर्स यात धरू नका. भाकरी किंवा भात थंड झाला की त्यातल्या थोड्या स्टार्चचं रूप तसंच न पचणारं होतं. शिळी भाकरी ताकात कुस्करून खायची आजीची न्याहारी या हिशोबाने चांगलीच आहे. भाताचं मात्र सांभाळा. खान्देशच्या उन्हाळ्यात भात ओट्यावर तासाभराहून जास्त उघडा राहिला की त्यात विषारी जिवाणू वाढतात, आणि ते विष परत गरम केल्याने जात नाही. तासाभरात फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवायचा.

चौथा आठवडा : दही, ताक, आंबील

विरजणातले जिवाणू आतड्यात घर करून राहत नाहीत. पाहुण्यासारखे येतात, थोडं काम करतात आणि दोन-चार दिवसांत पुढे जातात. म्हणून रोज थोडं हवं, एका दिवशी किलोभर नको.

दूध उकळून कोमट होऊ द्या. करंगळी बुडवून दहा अंक मोजता आले पाहिजेत, म्हणजे साधारण चाळीस अंश. लिटरला एक चमचा विरजण, नीट ढवळून. धुळ्याच्या थंडीत आठ-दहा तास लागतात, तांदळाच्या डब्यात किंवा गोधडीत गुंडाळून. मे महिन्यात चार तासांतच लागतं. तिथून पुढे बाहेर ठेवलं तर दुपारपर्यंत दात आंबतात. लागल्या लागल्या गार जागी हलवा. एक वाटी दह्याला तीन वाट्या पाणी घालून ताक, भाजलेलं जिरं आणि चिमूटभर मीठ. कढी चविष्ट असते, पण उकळल्यावर जिवाणू जिवंत राहत नाहीत. कढीला ताकाच्या जागी मोजू नका.

आंबिलीचंही तेच, फक्त तिथे एक युक्ती आहे. रात्री दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ अर्ध्या वाटी ताकात गुठळ्या न ठेवता कालवा, झाकून ठेवा. थंडीत आठ-दहा तास, उन्हाळ्यात पाच-सहा. सकाळी दोन वाट्या पाणी उकळून त्यात हे सोडा, मंद आचेवर सात-आठ मिनिटं सतत ढवळा, कच्चट वास जाईपर्यंत. मीठ, जिरं. आता उतरवून कोमट होऊ द्या आणि मगच अर्धी वाटी ताजं ताक मिसळा. पीठ शिजल्याने पचायला सोपं होतं आणि वरून घातलेल्या ताकातले जिवाणू जिवंत जातात. आंबट वास चालेल. तार सुटत असेल किंवा वर गुलाबी-काळे ठिपके असतील तर ओतून द्या.

जुलाब चालू असताना हे सगळं थांबवून आधी पाणी-मीठ भरून काढा: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मेडिकलमधली ओआरएसची पुडी त्याहून बरी.

तर्री, चहा, पुडी आणि गोळ्या

तिखटाने अल्सर होत नाही. ताणानेही बहुतेक अल्सर होत नाहीत. मुख्य कारणं दोन: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू, जो शोधल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं, आणि दुसरं, अंगदुखीच्या गोळ्या. तरी चिडक्या आतड्याला तर्री का झोंबते? तिखटाची जाणीव घेणारे चेतातंतू अशा आतड्यांत जास्त आढळले आहेत. रोज थोडं तिखट खाणाऱ्याचे ते बोथट होतात. आठवडाभर वरण-भात आणि रविवारी एकदम शेवभाजीची वाटीभर तर्री, असं केलं की त्रास होतो. त्यात तर्रीत दोन-तीन पळ्या तेल, वाटणात कांदा-लसूण, आणि ती जेवायची वेळ रात्री अकरा. बिचाऱ्या मिरचीवर एकटीवर आळ येतो.

चहा दिवसाला तीन अर्धे कप, उपाशीपोटी नको. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी पुड्या टपरीवर मिळतात. निकोटिनने जठराच्या तोंडाची झडप सैल होते आणि आतड्याला घाई होते. पुडीशिवाय संडास होत नाही असं सांगणाऱ्याचं आतडं तिच्या तालावर बसलेलं असतं. अशाने पुडी सोडताना पहिले दहा दिवस बद्धकोष्ठ होईल हे गृहीत धरून इसबगोल आधीच सुरू ठेवावं.

डायक्लोफिनॅकसारख्या अंगदुखीच्या गोळ्या जठराचं आणि लहान आतड्याचं अस्तर खरवडतात. 'डोकं दुखतंय' म्हणून रोज घेत असाल तर पोटाच्या उपायांना फळ येणार नाही. पँटोप्रॅझोलसारखी सकाळची गोळी डॉक्टरने दिलेल्या मुदतीपुरती ठीक. महिनोन्‌महिने स्वतःहून चालू ठेवली की जठरातलं आम्ल कमी राहतं, आम्लात मरणारे जिवाणू खाली उतरतात आणि बी-१२ ही कमी पडू शकतं. पण वर्षभर घेतलेली गोळी एका दिवसात सोडू नका, आम्ल आणखी जोरात उसळतं. डोस कसा उतरवायचा ते डॉक्टरकडून लिहून घ्या. आणि प्रत्येक जुलाबाला मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकची अर्धवट स्ट्रिप, ही सवय जिवाणूंच्या वस्तीवर तणनाशक फवारण्यासारखी आहे. तण मरतं, पीकही मरतं.

महिना झाला, तरी फरक नाही

वहीतली पहिल्या आणि चौथ्या आठवड्याची पानं शेजारी ठेवा. दुखण्याचा आकडा ७ वरून ४ वर आला असेल तर ते यश आहे, शून्याची वाट बघू नका. अजिबात हलला नसेल, तीन महिन्यांपासून आठवड्यातून किमान एकदा पोट दुखतंय, ते शौचाशी जोडलेलं आहे आणि शौचाची वारंवारता किंवा रूप बदललंय, तर हा आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम), म्हणजे चिडक्या आतड्याचा आजार, असू शकतो. पोटविकारतज्ज्ञाकडे वही घेऊन जा. तिथे पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल, आतड्याची मुरड सोडवणारी औषधं किंवा अगदी कमी मात्रेत नैराश्यावरची औषधं मिळू शकतात. शेवटचं नाव ऐकून दचकू नका. ती इथे आतड्याच्या चेतांची कुरकुर कमी करायला दिलेली असतात. कांदा, लसूण, गहू, हरभरा एकदम बंद करण्याचा आहार आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली चार-सहा आठवड्यांपुरताच असतो. वर्षभर चालवला तर चांगल्या जिवाणूंचीच उपासमार होते.

ताणच एवढा आहे की झोप लागत नाही, जगण्यात रस उरलेला नाही, कर्जाचा विचार थांबत नाही, तर आधी पोट नव्हे, तो विचार कुणाशी तरी बोलायचा. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ वर दिवसरात्र फुकट आहे, मराठीत बोलता येतं. बोलण्याच्या उपचाराने आयबीएसची लक्षणं कमी होतात हे चाचण्यांत सिद्ध झालेलं आहे, त्यामुळे पोटासाठी समुपदेशकाकडे जाण्यात काही विचित्र नाही.

शेवभाजी परत आणायची ती अशी

सलग दहा दिवस वहीत शौच ३ ते ५ च्या मध्ये आणि दुखणं ३ च्या खाली राहिलं की सुरुवात करा. दिवस ताण कमी असलेला निवडा, आडत बाजाराचा किंवा पेपरचा नको. वेळ दुपारची. पहिल्या खेपेला वरचा तेलाचा थर पळीने बाजूला काढून अर्धी वाटी रस्सा, सोबत दीड भाकरी, ताकाचा पेला. शेव आधीच भिजवून नरम करू नका, वरून थोडीच घाला. तिच्यातही तेल असतंच. दोन दिवस वहीत लिहा. आकडे जागेवर राहिले तर चार दिवसांनी पाऊण वाटी, मग वाटी. बिघडले तर आठवडाभर मागे या आणि पुढच्या खेपेला वाटणातला लसूण निम्मा करून बघा. मिरची तशीच ठेवा, म्हणजे दोघांत खरा गुन्हेगार कोण ते कळेल. कळण्याची भाकरी आणि भरीत एकाच दिवशी नको. आधी भरीत साध्या भाकरीसोबत, मग तीन दिवसांनी कळणा वरणासोबत, आणि दोन्ही सोसले की तिसऱ्या खेपेला एकत्र.